वरची खुर्ची, खालचा दांडा

त्या संध्याकाळी बत्तीशीला राग आला नाही, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

आता तुम्ही म्हणाल, राग नाही आला तर घाबरायचं काय त्यात? पण तुम्ही बत्तीशीला ओळखत नाही. हा माणूस दुधाच्या पिशवीवर चिडायचा, जिन्यातल्या दिव्यावर चिडायचा, स्वतःच्या चपलेवर चिडायचा. लोकांच्या नाकावर राग असतो तो भाड्याने असतो, याच्या नाकावरचा मालकीहक्काने राहत होता. दार तर त्याने कधी हाताने बंद केलंच नाही. आपटायचाच. समोरच्या घरात शिकवण्या घेणाऱ्या बाई राहायच्या, त्या मुलांना म्हणायच्या, "काका घरी आले बरं का, पुस्तकं मिटा, वेळ झाली."

बायको होती तेव्हा ती म्हणायची, "तुमचा राग म्हणजे कुकरची शिट्टी. वाजली की समजायचं, आत काहीतरी शिजतंय." ती जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. म्हणजे शिट्टी वाजत होती, पण ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. एक जण सोडून.

तो एक जण वरच्या मजल्यावर राहायचा. निवृत्त बस कंडक्टर, हाडाचा खवचट, आणि हाही एकटाच. बत्तीशी त्याला खुर्चीवाला म्हणायचा. कारण रोज संध्याकाळी तो आपली लोखंडी खुर्ची टेबलापासून खिडकीपर्यंत न्यायचा. उचलून नव्हे, ओढत. खर्रर्र करत तो आवाज बत्तीशीच्या डोक्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा. मग बत्तीशी लांब दांड्याचा झाडू उलटा धरायचा आणि छताला ठोके द्यायचा. "अहो, हातांना काय मेंदी लावलीय का? उचला की जरा!" त्यावर वरून खुर्ची आणखी एकदा मागेपुढे व्हायची, मुद्दाम. एवढं झालं की दोघेही आपापल्या घरी जेवायला बसायचे. छताचा एका जागेचा रंग ठोकून ठोकून उडाला होता. जिन्यात समोरासमोर आले की दोघांच्या माना दोन दिशांना.

तर त्या संध्याकाळी खुर्ची ओढली गेली. बत्तीशीने झाडू उचलला, तोंड वर केलं, आणि रागाची वाट बघत उभा राहिला. शिंक येता येता राहते ना, तसं झालं. आलाच नाही. आवाज आला, गेला. नुसता आवाज. त्याने झाडू कोपऱ्यात ठेवला आणि कपाळावर हात लावून ताप आहे का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी कामावर आणखीच विचित्र झालं. बत्तीशी कवळ्या बनवायचा, ते नाव त्याला त्यावरूनच पडलं. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे त्याची खोली होती. खिडकीपाशी लांब टेबल, मेण वितळवायचा छोटा दिवा, घासायची मोटर, आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. पेशंट पुढच्या दाराने यायचे, पुढच्याच दाराने जायचे. मागे यायचे ते फक्त त्यांच्या जबड्यांचे साचे. इतकी वर्षं त्याने गावभराच्या तोंडात दात बसवले, पण ते तोंड कोणाचं, हे त्याला कधी कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती. "माणसं नकोत, दात बरे," तो म्हणायचा. "दात उलटून बोलत नाहीत."

कामात मात्र पक्का. त्याच्या उस्तादाने त्याला एक गोष्ट शिकवली होती. कवळीतले सगळे दात शिस्तीत उभे केले की ती कवळी वाटते. एखादा दात जरासा वळलेला ठेवावा, म्हणजे ते माणसाचं तोंड वाटतं. बत्तीशी दर कवळीत वरचा डावा सुळा किंचित बाहेर वळवायचा. ती त्याची सही होती म्हणा ना. ती फक्त हसताना दिसायची.

त्या दिवशी टेबलावर एक नवा साचा आला होता. एकही दात नसलेला, गुळगुळीत, म्हाताऱ्या तोंडाचा. बत्तीशीने तो हातात घेऊन फिरवला आणि एकाएकी त्याला रडू फुटलं. कसलं दुःख नाही, कोणाची आठवण नाही. हे तोंड कधीतरी बाळाचं होतं, एवढंच मनात आलं, आणि धारा लागल्या. मेण दिव्यावर उकळून गेलं तरी भान नाही. डॉक्टरीणबाई डोकावल्या.

"काका, आज सकाळपासून तुम्ही माझ्यावर एकदाही ओरडला नाहीत. आणि हे काय? चला, बीपी बघू."

बीपी उत्तम निघालं.

"मग रडताय का?"

"काय माहीत," बत्तीशी म्हणाला. "छान वाटतंय."

"छान वाटतंय म्हणून रडताय? अजब कारभार आहे तुमचा," असं म्हणून त्या पेशंटकडे गेल्या. पण जाता जाता त्यांनी त्याच्यासाठी चहा सांगितला.

मग एकामागून एक सुरूच झालं. बेसिनवरच्या साबणावर ऊन पडलेलं असायचं, आणि हा तोंड धुवायचं सोडून ते बघत उभा. टीव्ही लावावासा वाटेना. दुकानात रांगेत कोणी मध्ये घुसलं तर हा म्हणायचा, "जा, तुम्हाला घाई असेल." आणि मग स्वतःच चमकून मागे बघायचा, हे कोण बोललं म्हणून.

रविवारी सकाळी दुसऱ्या शहरातून त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा. ताईला गुडघ्यांनी घरात बसवलं होतं. दिवसभर फोनवर ध्यानाची, मनःशांतीची व्याख्यानं ऐकायची आणि ऐकलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला करमायचं नाही. बत्तीशी एरवी फोन टेबलावर ठेवून तिला बोलू द्यायचा आणि अधूनमधून हुं म्हणायचा. या वेळी मात्र त्याने सगळं सांगितलं. राग, रडू, साबण, सगळं. पलीकडे ताईचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.

"बाळ्या! अरे, ही लक्षणं आहेत!"

"कसली? डोक्याची?"

"तुझं डोकं! अरे, जागृतीची! उगाच रडू येतं, राग गळून पडतो, गडबड नकोशी होते, साध्या साध्या गोष्टी उजळलेल्या दिसतात. मी गेली कित्येक वर्षं डोळे मिटून बसतेय, मला डुलकीपलीकडे काही लागलं नाही. आणि तुला आयतं? माझ्या त्या चिडक्या भावाला?" बोलता बोलता ताई रडायलाच लागली. आनंदाने, आणि थोडी जळूनही. तिने ते लपवलं नाही.

फोन ठेवल्यावर बत्तीशी बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. जागृती. हा शब्द त्याने मनात पुन्हा पुन्हा घोळवला. त्याला तो खरा असायला हवा होता, अगदी जिवापाड हवा होता. कारण तो खरा नसेल तर मग दुसरं काय उरतं? एक म्हातारा होत चाललेला माणूस, ज्याला रागवायलाही कोणी नाही, आणि म्हणून ज्याचा राग आटून गेलाय. रिकाम्या घरातलं नुसतं रिकामपण. ते जर जागं होणं असेल तर घर रिकामं नव्हतं, शांत होतं. एका शब्दाने केवढा फरक पडत होता!

आणि मग, काय सांगू तुम्हाला, त्याने ते अंगाला लावून घेतलं. लक्षणं खोटी नव्हती, त्या प्लास्टरच्या तोंडावर गळलेले अश्रू अगदी खरे होते. पण माणसाला मिठाचा खडा मिळाला की तो लगेच मिठागराचा मालक व्हायला बघतो. बत्तीशी हळू बोलू लागला. पावलं हलकी टाकू लागला. दार दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसं लावू लागला. झाडूचा दांडा कोपऱ्यातून उचलून त्याने गच्चीच्या जिन्याखाली टाकून दिला.

वरच्या खुर्चीवाल्याला त्याने माफ करून टाकलं. संध्याकाळी खर्रर्र झालं की हा खाली डोळे मिटून म्हणायचा, "तुझं भलं होवो." वरचा थोडा वेळ थांबायचा. मग पुन्हा ओढायचा, जरा जोरात. पुन्हा थांबायचा. एकदा तर त्याने काहीतरी जड वस्तू धपकन खाली टाकली. बत्तीशी आपला गालात हसत बसला. खुर्चीवाला किती अजाण आहे आणि आपण किती पुढे निघून आलो, याचं त्याला मोठं कौतुक वाटलं.

समोरच्या शिकवणीवाल्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "काका, बरं नाही का? हल्ली तुमचं दार वाजत नाही. मुलं घरी जायचं विसरतात."

"आता ते सगळं मागे पडलं," बत्तीशी मंद हसून म्हणाला. बाई जरा घाबरूनच घरात गेल्या.

आणि मग ती शनिवारची संध्याकाळ आली. बत्तीशी मांडी घालून बसला, आणि वरून खुर्ची ओढल्याचा आवाजच आला नाही. पाऊल नाही, भांडं नाही, खोकला नाही. अशी शांतता त्याला जन्मात मिळाली नव्हती. आपण कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते ते कळेनासं झालं. त्याला वाटलं, आवाज तर होतच असणार, आपणच त्याच्या पलीकडे गेलो. त्या रात्री तो लहान मुलासारखा झोपला.

सकाळी उठला तर स्वयंपाकघराच्या छतावर ओला डाग. डागाच्या मध्ये एक थेंब फुगायचा, लोंबायचा आणि ओट्यावर टप्प करून पडायचा. पूर्वीचा बत्तीशी असता तर बनियनवर वर धावत गेला असता आणि अख्खी बिल्डिंग गोळा केली असती. या बत्तीशीने खाली बादली ठेवली आणि स्टूल घेऊन समोर बसला. थेंब बघत. ताई म्हणायची ना, नुसतं बघायला शिकावं, काही करायला धावू नये. तो बघत राहिला. थेंबात खिडकी उलटी दिसत होती. फार सुंदर दिसत होती. बादलीचा तळ भरला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. त्याने तिला कालच्या संध्याकाळचं सांगितलं, मग या थेंबाचं.

"आणि तुझा जीव नाही खवळला?" ताई भारावून म्हणाली.

"अजिबात नाही."

"वरचा काय म्हणाला? पाणी त्याच्याकडूनच येत असेल ना?"

"तो कुठे काय म्हणतोय? कालपासून त्याचा आवाजच नाही."

 

"बाळ्या," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात व्याख्यान नव्हतं, लहानपणी याचा कान धरणारी बहीण होती, "आवाज नाही म्हणजे? नळ चालू आहे आणि माणसाचा आवाज नाही?"

बत्तीशीच्या हातातून फोन पडला. ताई त्यातून ओरडत होती, "अरे मेल्या, पळ!" पण तो तेव्हा जिन्यात होता. अनवाणी.

वरचं दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून फक्त पाण्याचा आवाज. बिल्डिंग जुनी, कडी खिळखिळी. खांद्याच्या दोन धक्क्यांत दार उघडलं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, मोरीत ताट अडकलं होतं, आणि त्या पाण्यात खुर्चीवाला कुशीवर पडला होता. त्याचा एक पाय भलतीकडेच वळलेला. ओठ निळे. पण डोळे उघडे होते. त्याने बत्तीशीकडे बघितलं आणि तोंड हलवलं. तोंडात दात नव्हते, शब्द उमटेना. दोन तुकडे झालेली कवळी त्याच्या गालाखाली पडली होती.

"अहो, मी आहे, मी," बत्तीशी म्हणाला, आणि पाण्यातच बसून त्याने म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे दात, स्वतःचे, कडकडा वाजत होते. शिकवणीवाल्या बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या गडबडीत बत्तीशीने कवळीचे तुकडे खिशात कधी घातले, ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं. अर्धा दिवस. आणि हा इकडे स्टुलावर बसून थेंबात खिडकी बघत होता.

सोमवारी बत्तीशीने कवळीचे तुकडे टेबलावर काढले. धुतले, जुळवले, मेणाने तात्पुरते चिकटवले आणि खिडकीकडे धरले. वरचा डावा सुळा किंचित बाहेर वळलेला होता.

त्याने कवळी खाली ठेवली. पुन्हा उचलली. त्याचंच काम होतं. ज्या तोंडाशी तो इतकी वर्षं भांडला, ते त्यानेच घडवलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता. असणार कसा? खुर्चीवाला त्याच्यासमोर कधी हसलाच नव्हता. हसावं असं याने तरी काय केलं होतं? त्या वेळी बत्तीशीला राग आला. सडकून आला. स्वतःचा. त्याने मोटर अशी काही जोरात सुरू केली की पुढून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "काका, बरे झालात वाटतं!"

भेगेच्या कडा घासून त्याने त्यात गुलाबी मसाला भरला, तो घट्ट होऊ दिला, मग घासून असा गुळगुळीत केला की जोड बोटाला लागू नये. त्या सुळ्याला मात्र त्याने हात लावला नाही. संध्याकाळी तो हॉस्पिटलमध्ये गेला. आपण बनवलेले दात कोणाच्या तोंडात बसताना तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता. खुर्चीवाल्याने कवळी घातली, जबडा इकडेतिकडे हलवला, चावून बघितलं.

"बसली?" बत्तीशीने विचारलं.

"बसली." मग तो छताकडे बघत म्हणाला, "तुम्ही ठोकायचं का थांबवलंत हो?"

 जागृती हा शब्द ओठापर्यंत आला आणि लाजून परत गेला. "त्रास होत असेल तुम्हाला, म्हणून," तो पुटपुटला.

"त्रास!" खुर्चीवाला खेकसला. "अहो, रोज तुमचं दार आपटायचं, मला कळायचं, आला. मग मी खुर्ची ओढायचो. मग तुमचा दांडा. झालं, दिवस संपला, दोघंही आहोत. त्याच्यावर जेवत होतो मी. मग एकाएकी दार बंद, दांडा बंद. मी दोनदोनदा ओढून बघितली. पाटा टाकून बघितला. काही नाही. मला वाटलं, गेलात." त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "पडलो ना, तेव्हा हाताशी वाटी होती. फरशीवर आपटता आली असती. मी म्हटलं, कशाला? खाली कोण आहे ऐकायला?"

बत्तीशीने तोंड फिरवलं. या वेळी रडू का येतंय ते त्याला नीट माहीत होतं, आणि त्यात छान वाटण्यासारखं काही नव्हतं. खुर्चीवाल्याने थोडा वेळ त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "पुरे आता. पुढे सरका, नर्सला येऊ द्या." आणि हसला. डावा सुळा दिसला.

महिनाभर तरी तो घरी येणार नव्हता. पुढेही जिना चढता येईल की नाही, ते डॉक्टर सांगेनात. बत्तीशी एकटाच घरी आला. जिन्याखालून त्याने झाडूचा दांडा शोधून काढला. घरात पाऊल टाकलं तेव्हा सवयीने त्याचे दोन्ही हात दाराकडे गेले, हळूच लावायला. तो थांबला. वर कोणी नव्हतं. छतावर ओला डाग होता, आणि ती शांतता होती, शनिवारची, तशीच्या तशी. आता त्याला ती ओळखू आली.

त्याने दार पूर्ण उघडलं आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

समोरून शिकवणीवाल्या बाईंचं दार उघडल्याचा आवाज आला. "अगंबाई! कोण आहे ते? कोण आहे?"

बत्तीशी धावत बाहेर आला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि वर, खाली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा ओरडला, "मी आहे! मी! घरी आहे!"